इंजिनाचे दरपत्रक उघडे करा

प्रति,
अध्यक्ष, रेल्वे बोर्ड,
रेल भवन, नवी दिल्ली

महोदय,

२० जून २०२५ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या मढौरा कारखान्यातून एक डिझेल इंजिन पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीला जायला निघाले. सिवानच्या सभेतून पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखवला. सिमांडूच्या लोहखनिज प्रकल्पासाठी अशी सुमारे दीडशे इंजिने पाठवायची आहेत आणि सौदा तीन हजार कोटी रुपयांच्या वरचा आहे. इंजिनाचे नाव ‘कोमो’, ताकद ४,५०० अश्वशक्ती. सरकारी प्रसिद्धीपत्रकात ही माहिती होतीच, पण त्यातल्या एका वाक्यावर देशभरच्या लोको पायलटांची नजर खिळली. कॅब वातानुकूलित आहे, आत फ्रिज आहे, मायक्रोवेव्ह आहे आणि पाण्याविना चालणारे स्वच्छतागृहही आहे, असे ते वाक्य सांगत होते.

याच्या दोन-अडीच महिने आधी, एप्रिल २०२५ मध्ये, रेल्वे बोर्डाचे एक पत्र विभागीय रेल्वेंकडे गेले होते. इंजिन चालवणाऱ्यांना जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी ठरावीक वेळेची सुट्टी देणे गाड्यांच्या चालनात बसत नाही, हा समितीचा निष्कर्ष बोर्डाने त्यात स्वीकारला होता. सोबत दिलासाही होता: ७,०७५ इंजिनांच्या कॅब वातानुकूलित झाल्या आहेत आणि ८८३ इंजिनांत पाण्याविना चालणारी स्वच्छतागृहे बसवली आहेत. भारतीय रेल्वेकडे डिझेल आणि विजेची मिळून चौदा-पंधरा हजार इंजिने आहेत. म्हणजे एसी निम्म्या ताफ्यात पोचला, स्वच्छतागृह मात्र शंभरातल्या जेमतेम सहा इंजिनांत.

हे पत्र कुणावर दोषारोप करण्यासाठी नाही. निर्यातीच्या इंजिनात चांगल्या सोयी दिल्या यात गैर काही नाही. मढौऱ्याच्या कामगारांना त्याचा अभिमान वाटावा. प्रश्न त्या कागदाचा आहे, जो गिनीच्या खरेदीदाराने नक्कीच पाहिला असणार आणि भारतातल्या करदात्याने कधी पाहिलेला नाही. एका इंजिनाची मूळ किंमत किती, त्यात काय काय येते, काय जादा पैसे मोजल्यावर मिळते आणि त्या प्रत्येक जादा वस्तूचा भाव किती, हे सांगणारा तो कागद. मोटार घ्यायला गेलेल्या माणसाला बेस मॉडेल आणि टॉप मॉडेल यांतला फरक दुकानदार पाठ म्हणून दाखवतो. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या, कोट्यवधींच्या इंजिनाबाबत मात्र हा फरक फायलीत राहतो.

डिझेल इंजिनाचा धंदा उभा राहिला तोच मुळी या कागदावर. वाफेच्या काळात अमेरिकेतली प्रत्येक मोठी रेल्वे कंपनी आपल्या मनासारखे इंजिन मापे देऊन बनवून घेई. चाके किती, बॉयलर केवढा, घुमट कुठे, सगळे तिचे तिने ठरवायचे. १९२२ मध्ये इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनी काढणारे हॅरोल्ड हॅमिल्टन हे मालट्रक विकण्याच्या व्यवसायातून आलेले. जनरल मोटर्सच्या छत्राखाली गेल्यावर या कंपनीने शिकागोजवळच्या ला ग्रेंजमध्ये कारखाना काढला आणि रेल्वे कंपन्यांना नवेच ऐकवले: इंजिन आम्ही ठरवू तसेच मिळेल, रंग मात्र तुमच्या पसंतीचा. रंगसंगती काढून द्यायला कंपनीने चित्रकार ठेवले होते. सँटा फे रेल्वेची ती प्रसिद्ध लाल-चंदेरी सजावट लेलँड निकरबॉकर या तिथल्याच कलाकाराची. एकाच साच्यातून शेकडो इंजिने काढायची, म्हणजे भाव उतरतो आणि सुटे भाग कुठेही मिळतात, हा हिशेब होता. तो इतका अचूक निघाला की वाफेची इंजिने बांधणारे जुने दिग्गज कारखाने पुढच्या दोन-तीन दशकांत मागे पडत गेले.

पण ग्राहकाला एकच साचा कसा पुरेल? कुणाची लाइन डोंगरातून जाते, कुणाची सपाटीवरून. म्हणून मूळ इंजिनासोबत जादा उपकरणांची यादी आली. तीत सगळ्यांत ठळक नाव डायनॅमिक ब्रेकचे. उतारावर चाकांना जोडलेल्या मोटारी उलट कामाला लावायच्या, त्यांच्याकडून वीज तयार करून घ्यायची आणि ती छतावरच्या रोधकांमधून उष्णता म्हणून उडवून द्यायची. मोटारींना त्यासाठी जो जोर लागतो तोच गाडीला आवरतो. ब्रेकचे गुटके झिजत नाहीत, चाके तापत नाहीत. १९४९ मध्ये आलेल्या जीपी-७ आणि १९५४ मधल्या जीपी-९ या इंजिनांवर हे साधन घेतले की छताच्या मधोमध एक उंचवटा दिसे. उंचवटा नसेल तर मालकाने त्याचे पैसे मोजलेले नाहीत, हे रुळाच्या कडेला उभ्या असलेल्या पोरालाही कळे. मिसिसिपीच्या सपाट खोऱ्यातून धावणाऱ्या इलिनॉय सेंट्रलने आपल्या या जातीच्या इंजिनांवर तो खर्च टाळला, आणि तिच्यापुरते ते शहाणपणाचे होते. जे लागत नाही ते घेऊ नये, हाही खरेदीचाच भाग.

यादीतल्या वस्तू एकमेकींशी भांडतही. प्रवासी डबे गरम ठेवायला वाफ लागे. त्यासाठी इंजिनात वाफेचे जनित्र बसवायचे तर पाण्याची टाकी हवी. ती टाकी डिझेलच्या टाकीशेजारी खाली बसवली की ब्रेकसाठीच्या दाबहवेच्या नळकांड्यांना जागा उरत नसे. मग त्या उचलून थेट छतावर ठेवल्या गेल्या. लांबट नळकांडी डोक्यावर घेतलेल्या त्या जीपी-९ इंजिनांना रेल्वेवेडे लोक ‘टॉर्पेडो बोट’ म्हणू लागले. यादीतल्या दोन खुणा एकत्र केल्या की इंजिनाचा चेहरामोहराच बदलतो, तो असा.

भाव पाडून घेण्याच्या युक्त्याही त्याच काळातल्या. नवे इंजिन घेताना जुने मोडीत द्यायचे आणि त्यातला चालण्याजोगा भाग नव्यात वापरायला लावायचा. गल्फ, मोबाइल अँड ओहायो या कंपनीने १९६० च्या दशकात जनरल मोटर्सची जीपी-३० आणि जीपी-३५ इंजिने घेतली, ती तिने मोडीत दिलेल्या आल्को कंपनीच्या इंजिनांच्या बोग्यांवर उभी होती. प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर चालणारे इंजिन! कंपनीची बचत झाली, कारखान्याला ऑर्डर मिळाली, आणि कुणी लपवले काहीच नाही. नुसत्या डोळ्यांना दिसत होते.

मात्र याच यादीत आणखी एक रकाना होता आणि तो नेहमी सगळ्यांत शेवटी वाचला जाई. चालकाच्या कॅबचा. खिडकी केवढी, खुर्ची कशी, समोरचे दिसते किती, आवाज किती येतो. नॉरफोक अँड वेस्टर्न आणि सदर्न या दोन कंपन्यांनी तर सगळा उद्योग इंजिनाचे नाक बुटके करत असताना १९८० च्या आसपासपर्यंत हट्टाने उंच नाकाची इंजिने मागवली. धडक झाली तर समोरचे लोखंड चालकाला वाचवील, हा युक्तिवाद. बदल्यात समोरचा रूळ अर्धा झाकला जाई.

वेगळी वाट कॅनडाने धरली. कॅनेडियन नॅशनलने १९७३ मध्ये कॅब कशी असावी याचा नव्याने विचार केला. रुंद नाक, भक्कम पुढचा भाग, आतून नीट जागा, अशी ती कॅब एमएलडब्ल्यू आणि जनरल मोटर्स या दोन्ही कारखान्यांकडून बनवून घेतली आणि आपल्या पुढच्या खरेदीत ती गृहीत धरली. तिला ‘कम्फर्ट कॅब’ म्हणत. अमेरिकेतल्या कंपन्यांना ही चैन वाटली. पंधराएक वर्षे गेली. १९८९ मध्ये युनियन पॅसिफिकने रुंद नाकाची एसडी-६०एम इंजिने घेतली आणि पुढच्या सहा-सात वर्षांत बुटक्या, अरुंद नाकाचे मोठे मालगाडी-इंजिन मागणारे गिऱ्हाईक जवळजवळ उरले नाही. जी गोष्ट जादा पैशांची होती ती मूळ किमतीत शिरली. महाग झाली म्हणून कुणी रडलेही नाही, कारण प्रत्येक इंजिनात बसणारी वस्तू एकेका इंजिनात बसवायच्या वस्तूपेक्षा स्वस्तच पडते.

काही वस्तू मात्र अपघातानेच यादीतून बाहेर आल्या. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधल्या चेसजवळ कॉनरेल या मालवाहू कंपनीची तीन जोडलेली मोकळी इंजिने लाल सिग्नल ओलांडून मुख्य मार्गावर आली आणि मागून येणारी अॅमट्रॅकची वेगवान प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ माणसे गेली. चालकांनी गांजा ओढला होता आणि कॅबमधल्या इशारा-शिट्टीचे तोंड बंद करून ठेवले होते, हे चौकशीत निघाले. त्यांचा दोष निर्विवाद. पण त्याच मार्गावर अॅमट्रॅकच्या इंजिनांत सिग्नल न पाळल्यास गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा होती आणि कॉनरेलच्या मालगाडी-इंजिनांत ती नव्हती, हेही तितकेच खरे. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने इंजिनांत घटनानोंद यंत्र सक्तीचे करणारा कायदा केला आणि त्या मार्गावरच्या मालगाडी-इंजिनांनाही स्वयंचलित नियंत्रण लागू झाले. कॅबमधल्या स्वच्छतागृहाला मात्र आणखी वेळ लागला. त्यासाठीचा संघराज्याचा नियम ४ एप्रिल २००२ ला प्रसिद्ध झाला. डिझेल इंजिने रुळावर स्थिरावून साठ वर्षे उलटल्यावर!

आता आपल्याकडे वळू.

भारतीय रेल्वेने मुख्य मार्गासाठी पहिली मोठी डिझेल खरेदी केली ती १९५७ च्या सुमारास, आल्कोकडून. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला २,६०० अश्वशक्तीची दोन इंजिने समोरासमोर होती: जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीएम-४ आणि आल्कोचे डब्ल्यूडीएम-२. चालवणाऱ्यांत पहिल्याचे चाहते बरेच होते. पण आल्को आपले तंत्रज्ञान द्यायला तयार झाली, म्हणून वाराणसीचा डिझेल कारखाना तिच्या आराखड्यावर उभा राहिला आणि ३ जानेवारी १९६४ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते तिथले पहिले इंजिन बाहेर पडले. तो निर्णय दूरदृष्टीचा होता. १९६९ मध्ये खुद्द आल्को बंद पडली तरी वाराणसी थांबली नाही.

त्या निर्णयाचा एक परिणाम मात्र क्वचितच बोलला जातो. घेणारा आणि बनवणारा एकच झाला. आपलाच कारखाना, आपलेच आरेखन, आपलेच शेड. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात जी घासाघीस होते, जिच्यातून जादा वस्तूंची यादी आणि तिचे भाव कागदावर येतात, ती उरली नाही. जादा वस्तू नाहीशा झाल्या नाहीत. त्यांची यादी नाहीशी झाली. कॅबमध्ये काय असावे हे कुणीतरी ठरवतच होते, फक्त कशाच्या बदल्यात काय गाळले हे बाहेर दिसायचे बंद झाले.

याची किंमत कुणी मोजली ते शेडमध्ये विचारले की कळते. १९९५ च्या करारानंतर जनरल मोटर्सची प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या मोटारींची नवी पिढी आली. मालगाडीसाठीचे ४,००० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-४ हुबळीच्या शेडला मिळाले. कॅसल रॉकहून कुळ्याला उतरणाऱ्या घाटात, जिथे ३७ फुटांमागे एक फूट उतार आहे, या इंजिनांचा डायनॅमिक ब्रेक ही चैन नव्हती. खनिजाने भरलेली गाडी त्या उतारावर आवरणाऱ्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही. तिथे रेल्वेने उत्तम वस्तू घेतली, पुरेपूर वापरली. पण त्याच घराण्यातले प्रवासी इंजिन डब्ल्यूडीपी-४ आले ते एकाच टोकाला कॅब असलेले. टोक फिरवायची सोय नसेल तिथे लांबलचक बॉनेट पुढे ठेवून, मान वाकडी करून सिग्नल शोधत गाडी हाकायची. प्रवासी गाडीचा वेग आणि ही नजर यांचे जमेना. शेवटी दोन्ही टोकांना कॅब असलेले डब्ल्यूडीपी-४डी बनवावे लागले. दुसरी कॅब पहिल्याच दिवशी का नव्हती? ती नाकारली तेव्हा किती पैसे वाचले आणि नंतर आराखडा बदलायला किती गेले? ही दोन आकड्यांची वजाबाकी कुठल्याही वार्षिक अहवालात छापलेली नाही.

कोकण रेल्वेचे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत या मार्गावर डिझेलचेच राज्य होते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. मे महिन्यात, जड गाडी घेऊन, आपल्याच इंजिनाचा धूर आणि उष्णता कोंडलेल्या त्या बोगद्यातून जाताना कॅबच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद, हा पेच असे. कॅबचा एसी म्हणजे साहेबी थाट, असे मानणाऱ्यांनी एकदा तो प्रवास केला असता तर बरे झाले असते.

आता पैशांचे बोलू, कारण चैनीचा मुद्दा नेहमी तिथेच येऊन थांबतो.

उभ्या इंजिनाचे डिझेल हा त्यातला सगळ्यांत सोपा हिशेब. सिग्नलला, यार्डात, लूपमध्ये मालगाडी तासन्‌तास उभी असते आणि मुख्य इंजिन धडधडत राहते. ते बंद केले तर ब्रेकची दाबहवा उतरते, बॅटऱ्या बसतात आणि पुन्हा सुरू झालेच नाही तर जाब कोण देणार? म्हणून कुणी बंद करत नाही. यावर उपाय म्हणजे ऑक्झिलरी पॉवर युनिट, शेडच्या भाषेत एपीयू: २५ अश्वशक्तीचे एक छोटे डिझेल इंजिन, जे गाडी दहा मिनिटांहून अधिक उभी राहिली की स्वतः सुरू होते, मोठ्याला झोपवते, हवा आणि बॅटरी सांभाळते. रेल्वेने स्वतः दिलेला आकडा असा की उभे मोठे इंजिन तासाला २५ लिटर डिझेल पिते आणि एपीयू ३ लिटर. दिवसाला पाचच तास धरले तरी ११० लिटरचा फरक. रेल्वेचाच अंदाज होता की एका इंजिनामागे वर्षाला वीस लाख रुपये वाचतील. एवढे स्वच्छ गणित असलेली वस्तू पहिल्या दिवसापासून प्रत्येक इंजिनात असायला हवी होती. प्रत्यक्षात ती डझन-दोन डझनांच्या तुकड्यांनी बसवली गेली, आणि तोवर हजारो इंजिने उभ्या-उभ्या धूर सोडत राहिली.

मग स्वच्छतागृहाचे गणित कसे मांडायचे? वाचलेल्या लिटरांत ते बसत नाही. लोको पायलटने ड्युटीआधी पाणी पिणे टाळले तर त्याचा खर्च रेल्वेच्या कुठल्याच खात्यात पडत नाही. तो त्याच्या मूत्रपिंडाच्या खात्यात पडतो. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या, देशातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून नावाजल्या, घाटातून डेक्कन क्वीन नेली, २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांचे सत्कार झाले, छायाचित्रे छापली गेली, ते योग्यच. त्यांच्या मागून आलेल्या तरुण मुली आज मालगाड्यांवर आहेत. सलग नऊ तासांपर्यंतची ड्युटी, मध्ये कुठेतरी आडबाजूच्या लूपमध्ये उभी राहिलेली गाडी, भोवती काळोख. त्या मुलींसाठी हा मुद्दा सोयीचा उरत नाही. नोकरी करायची की सोडायची, इथपर्यंत तो जातो.

आणि किंमत सांगता येत नाही असेही नाही. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या कवच यंत्रणेचे उदाहरण घ्या. रुळावरच्या आणि स्टेशनवरच्या साधनांना किलोमीटरमागे सुमारे ५० लाख आणि एका इंजिनात बसवायला सुमारे ८० लाख रुपये, हे रेल्वेने संसदेत वारंवार सांगितले आहे. तो आकडा खुला झाला म्हणून काय बिघडले? उलट चर्चा मुद्द्याला आली. किती इंजिने, किती वर्षे, किती पैसे, हे खासदारांना विचारता आले आणि वर्तमानपत्रांना छापता आले. मग स्वच्छतागृह एका इंजिनामागे केवढ्याला पडते? एसी केवढ्याला? एपीयू केवढ्याला? कवचाला एक न्याय आणि याला दुसरा, असे का?

मढौऱ्याचाच हिशेब बघू. नोव्हेंबर २०१५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला: एक हजार इंजिने, त्यांतली ७०० साडेचार हजार अश्वशक्तीची आणि ३०० सहा हजारांची, दहाएक वर्षांत, रकमेचा अंदाज सुमारे अडीच अब्ज डॉलर. देखभालीसाठी उत्तर प्रदेशात रोजा आणि गुजरातेत गांधीधाम. आता हा धंदा वॅबटेककडे आहे. सरासरी काढली तर इंजिनामागे अडीच दशलक्ष डॉलर. गिनीच्या सौद्यात तीन हजार कोटींना दीडशे इंजिने, म्हणजे एकामागे वीस कोटी. कुणी उत्साही माणूस हे दोन आकडे शेजारी ठेवून म्हणेल, बघा, फ्रिज-मायक्रोवेव्हचे केवढे पैसे! ते चूक आहे. दोन सौद्यांत दहा वर्षांचे अंतर आहे, डॉलरचा भाव बदलला, संख्या वेगळी, रुळांचे माप वेगळे, ब्रेकची पद्धत वेगळी. पण ही चूक लोक करणार, कारण वस्तूवार भाव त्यांच्यापुढे नाही. आणि जोवर तो नाही तोवर ‘स्वच्छतागृह परवडत नाही’ हे वाक्यही तितकेच निराधार आहे.

वाराणसीचा कारखाना आता बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स म्हणून ओळखला जातो. तिथून २०२५ मध्ये मोझांबिकला ३,३०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने जाऊ लागली. त्यांच्याही वर्णनात फ्रिज, हॉटप्लेट, मोबाइल ठेवायची जागा आणि आधुनिक स्वच्छतागृह आहे. म्हणजे एक खासगी भागीदारीतला कारखाना आणि एक रेल्वेचा स्वतःचा, दोघांनाही हे काम येते. जागा नाही, तंत्र नाही, वजन वाढते, ही जुनी उत्तरे आता देता येणार नाहीत. तिकडे दाहोदला सीमेन्सच्या आराखड्यावर बनणाऱ्या ९,००० अश्वशक्तीच्या विद्युत इंजिनांत कवच, एसी आणि स्वच्छतागृह सुरुवातीपासूनच आहे. निविदेच्या मूळ कागदात ते लिहिले होते म्हणून आले, एवढेच.

एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळपास संपले. डिझेलवर आता खर्च कशाला? कारण डिझेल इंजिने उद्याच भंगारात जाणार नाहीत. इंजिनाचे आयुष्य तीन-साडेतीन दशकांचे धरले जाते; मढौऱ्याची बहुतेक इंजिने दहा वर्षांचीही झालेली नाहीत. तारा तुटल्या, पूर आला, सीमेवर गरज पडली तर तीच धावतील. शिवाय बंदरे, पोलाद कारखाने, वीजकेंद्रे, सिमेंटवाले आपापल्या साइडिंगसाठी डिझेल इंजिने घेतच राहतील, आणि ते नमुना म्हणून रेल्वेच्याच आराखड्याकडे बघतात. रेल्वेने गाळलेली वस्तू ते मुद्दाम मागत नाहीत.

खरा अडथळा खरेदीच्या रीतीत आहे. सगळ्यांत कमी बोली जिंकते. मग मूळ किंमत खाली दिसावी म्हणून मूळ वर्णनातून जे जे काढता येईल ते काढले जाते आणि नंतर, ओरड झाली की, ‘टप्प्याटप्प्याने’ बसवले जाते. टप्प्याटप्प्याने म्हणजे काय, ते पुणे-कल्याणच्या शेडमधल्या माणसांना माहीत आहे: इंजिन धावपळीतून काढा, चार दिवस उभे करा, कॅबच्या भिंती कापा, वायरिंग नव्याने ओढा, आणि तीन वेगळ्या ठेकेदारांचे तीन वेगळे नमुने सांभाळत बसा. एक एसी बंद पडला की त्याचा भाग दुसऱ्यात चालत नाही. कारखान्यात एकदाच बसली असती तर हीच वस्तू स्वस्त पडली असती आणि टिकलीही असती. हिशेब लिहिणाऱ्याला मात्र पहिला खर्च भांडवली खात्यात दिसतो, दुसरा दुरुस्तीच्या खात्यात विरून जातो.

तेव्हा महोदय, मागणे फार मोठे नाही. मढौऱ्याच्या आणि बनारसच्या इंजिनांचे वस्तूवार दरपत्रक प्रसिद्ध करावे: मूळ इंजिन, कवच, एपीयू, एसी, स्वच्छतागृह, दुसरी कॅब, प्रत्येकाचा वेगळा भाव, कारखान्यात बसवल्यास किती आणि शेडमध्ये बसवल्यास किती. देशाबाहेर विकलेल्या इंजिनांत जे मूळ किमतीत धरले जाते ते देशातल्या इंजिनांतही मूळ किमतीत धरावे. जिथे ते गाळले जाईल तिथे गाळणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लिहून सही करावी. आणि जुन्या इंजिनांपैकी ज्यांचे पंधरा वर्षांहून अधिक आयुष्य उरले आहे, त्यांच्यासाठी एकच नमुना, एकच निविदा आणि एक शेवटची तारीख ठरवावी.

हे दरपत्रक तयार करायला नवी समिती लागत नाही. गिनीच्या सौद्याची फाइल मढौऱ्यात आहे, मोझांबिकची बनारसमध्ये. दोन्ही मागवून घ्याव्यात आणि संसदेच्या येत्या अधिवेशनात तो तक्ता पटलावर ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक रेल्वे-वाचक